धार झाका, अवजार नको

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातल्या किन्हीराजासारख्या गावात धारेच्या वस्तू कशा विकल्या जातात हे नीट पाहिले, तर एक उलटा हिशेब दिसतो. दाढीचे पाते सगळ्यांत हलके, पण त्याला आधी मेणकागद, त्यावर कागदी पाकीट आणि पाच-दहा पाकिटांना मिळून डबी. भाजी चिरायची सुरी पुठ्ठ्यावर बसवलेल्या कडक प्लॅस्टिकच्या कवचात. कात्रीही तशीच, आणि ते कवच फोडायला दुसरी कात्री शोधावी लागते. विळ्यापाशी आले की वेष्टन संपते. सुतळीने बांधलेला विळ्यांचा जुडगा खिळ्याला टांगलेला असतो आणि गिऱ्हाइकाला मिळालाच तर वर्तमानपत्राचा एक कागद मिळतो. कोयता आणि कुऱ्हाड पोत्यात उघडीच. अवजार जितके जड आणि घाव जितका खोल, तितके आवरण कमी. वेष्टन ठरवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे इजा नसते, हे याचे कारण. त्याच्यापुढे असते वस्तूची चोरी, मांडणीतली चमक आणि बारकोडाला लागणारी जागा. शहरातल्या मॉलच्या आकड्याला लटकायचे म्हणून सुरीला कवच मिळते. विळा तिथे कधी लटकणारच नाही, म्हणून त्याला काहीच मिळत नाही. माझे म्हणणे असे की हा हिशेब मुळापासून बदलायला हवा. वेष्टन धारेला द्यावे, अख्ख्या अवजाराला देऊ नये. आणि ते घरी नेऊन फाडून टाकायचा कागद नसावा, अवजार झिजून संपेपर्यंत त्याच्याबरोबर राहणारे म्यान असावे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी उघडी अवजारे वापरली, तेव्हा कुणाचे काय बिघडले? बिघडत होतेच, त्याची नोंद कुणी ठेवत नव्हते, हे एक उत्तर झाले. पण याहून महत्त्वाची गोष्ट अशी की जुन्या व्यवस्थेत वेष्टन नव्हते, कारण विकत घेताना पुरती धारच नसायची. गावचा लोहार किंवा हंगामाच्या तोंडावर गाड्यावर भाता घेऊन येणारे घिसाडी पाते घडवून, त्याला पाणी देऊन हातात ठेवत. दांडा कधी सुताराकडून, कधी घरीच बसवला जाई. शेवटची धार कानशीने किंवा दगडावर घरी काढली जाई, कामाच्या आदल्या दिवशी. भट्टीपासून शेतापर्यंतचा बराचसा प्रवास ते पाते बोथट अवस्थेतच करत असे. शिवाय बनवणारा आणि वापरणारा यांच्यात अंतर दोन-चार कोसांचे. जिथे रोज धारदार हत्यार अंगावर वागवायची वेळ होती, तिथे लोकांनी म्यानाची सोय केलेलीही दिसते. कोकणात आणि उत्तर कोकणातल्या आदिवासी पट्ट्यात कोयता कमरेला अडकवायची आकडी आहे. झाडावर चढणाऱ्या माणसाचे दोन्ही हात मोकळे हवेत आणि पाते अंगाला लागता कामा नये, या दोन गरजांतून ती आली. कुठल्याही डिझाइनच्या शाळेने शिकवण्याआधी ती तिथे होती. तेव्हा ‘आपल्याकडे ही पद्धतच नाही’ हे म्हणणे पुराव्यावर टिकत नाही.

आता परिस्थिती बदलली आहे, आणि ती चांगल्या कारणाने बदलली आहे. दातेरी विळ्याचा प्रसार झाला. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा ‘वैभव’ विळा, भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेचा ‘नवीन’ विळा ही त्यातली ओळखीची नावे. करवतीसारखे बारीक दाते असल्याने कापताना मनगटावर ताण कमी येतो आणि पुन्हापुन्हा धार लावत बसावे लागत नाही. पण याच सोयीचा दुसरा अर्थ असा की हा विळा कारखान्यातून बाहेर पडतो तेव्हापासूनच कापायला तयार असतो. ट्रकमध्ये, गोदामात, दुकानात, पिशवीत, सगळीकडे त्याची धार जागी. लोहाराच्या विळ्याला जे वेष्टन लागत नव्हते ते याला लागते, आणि नेमके ते द्यायचे राहून गेले. माल येण्याचे अंतरही वाढले. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. तो वाशीम जिल्ह्यातूनच जातो. परराज्यातल्या कारखान्याचा माल इथवर येणे दिवसेंदिवस सोपे होत जाणार. वाटेत तो चढवणारे, उतरवणारे, गठ्ठे सोडणारे हात बरेच, आणि त्या हातांना आत काय आहे हे ठाऊक असेलच असे नाही.

इजा नेमकी कुठे होते, हा इथला कळीचा प्रश्न आहे. त्याबाबत स्वतःची फसवणूक करून चालणार नाही. सोयाबीनच्या सोंगणीत विळा लागतो तो बहुधा बुडखा धरलेल्या डाव्या हाताला, काम चालू असताना. तेव्हा म्यान बांधावर पडलेले असणार. ती जखम कुठलेही वेष्टन टाळू शकत नाही, तिला हातमोजा किंवा विळ्याचा वेगळा आकार हवा. म्यानाचा उपयोग उरलेल्या वेळेपुरता आहे. पण हा उरलेला वेळ थोडा नाही. सोंगणीच्या दिवसांत सकाळी मजूर बाया ऑटोत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दाटीवाटीने बसून शेतावर जातात. विळा असतो डबा आणि पाण्याच्या बाटलीच्या थैलीत, थैली मांडीवर, आणि शेजारी दुसरीची मांडी. संध्याकाळी तोच विळा घरी येऊन दाराच्या फटीत, छपराच्या वळचणीला किंवा खाटेखाली जातो, म्हणजे लहान मुलाचा हात सहज पोचेल अशा जागी. हंगाम संपला की पुढच्या हंगामापर्यंत मुक्काम तिथेच. आयआयटी दिल्लीच्या दिनेश मोहन यांनी सहकाऱ्यांबरोबर हरियाणातल्या खेड्यांत शेतीतल्या इजांचा अभ्यास केला. त्यात हातअवजारांचा वाटा मोठा दिसला. कडबा कापायच्या यंत्राच्या बाबतीत तर मुलांच्या इजा ठळकपणे पुढे आल्या, आणि त्यावर त्यांनी सुचवलेले उपाय अगदी साधे होते: यंत्र वापरात नसताना चाक फिरू नये म्हणून खिट्टी, पात्यावर झाकण. ‘नीट वापरा’ असे सांगणे सोपे. न वापरण्याच्या वेळेचा विचार या अभ्यासाने केला, म्हणून तो इथे महत्त्वाचा वाटतो.

आता मापांकडे वळू, कारण या विषयातली खरी बौद्धिक गंमत तिथेच आहे. बहुतेक उत्पादक अवजारांची प्रतवारी लांबीने करतात आणि तेच वेष्टन लहान-मोठे करून सगळ्यांना चढवतात. हा हिशेब चुकतो. एखादे अवजार सर्व बाजूंनी दुप्पट केले की धारेची लांबी दुप्पट होते, पण वजन आठपट होते. दोनशे ग्रॅमची कात्री मीटरभर उंचीवरून पडली तर तिच्यात साधारण दोन ज्यूल ऊर्जा असते. दोन किलोची कुऱ्हाड त्याच उंचीवरून पडली तर वीस. आणि कुऱ्हाडीची धार फार तर दहा-बारा सेंटिमीटर, म्हणजे स्वयंपाकघरातल्या बऱ्याचशा सुऱ्यांपेक्षाही आखूड! लांबीवरून वेष्टन ठरवले तर कुऱ्हाडीला सुरीपेक्षा लहान आवरण मिळेल आणि तिची दहापट ऊर्जा त्या आखूड रेषेतून पुठ्ठा कापून बाहेर येईल. विळ्याचे गणित आणखी वेगळे. तो वजनाला हलका, पण धार लांब, वाकडी आणि शेवटी टोकदार. त्याच्या बाबतीत पडण्यापेक्षा घासण्याची आणि टोक रुतण्याची भीती जास्त. सुरीचे टोक हीच तिची मुख्य धास्ती. खोका हलला की सगळे वजन त्या एका बिंदूवर येते आणि पुठ्ठा भोकसला जातो. म्हणून मापाचा विचार तीन वेगळ्या गोष्टींत फोडायला हवा: धार किती लांब, वजन किती, टोक आहे की नाही. आवरणाची लांबी पहिल्यावरून ठरावी, भिंतीची जाडी दुसऱ्यावरून, आणि शेवटाला बूच हवे की नको हे तिसऱ्यावरून.

एवढे मान्य केले की उपाय अवघड राहत नाही. प्रत्येक मापाला वेगळा साचा करायचा ठरवले, तर दहा प्रकारच्या अवजारांना दहा साचे लागतात, आणि साचा ही प्लॅस्टिकच्या धंद्यातली सगळ्यांत खर्चीक वस्तू. त्याऐवजी एकसारख्या छेदाची लांब पट्टी काढावी, आतून चीर असलेली, आणि हवी तेवढी कापून धारेवर चढवावी. लांबीची सगळी मापे त्या एका पट्टीत येतात; जाडीच्या दोन-तीन प्रती ठेवल्या की वजनाचाही प्रश्न सुटतो. ही कल्पना कुठून आयात करावी लागत नाही. ठिबक सिंचनाची सोळा मिलिमीटरची लॅटरल महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या रोजच्या ओळखीची आहे. तिचा हातभर तुकडा लांबीत चिरला की तो विळ्याच्या बाकावर बाक घेत बसतो. नळी लवचीक असल्यामुळे वाकड्या पात्यासाठी वेगळा आकार लागत नाही. कारखान्यात तयार होणारी पट्टी याहून थोडी शहाणी असावी: चिरेच्या दोन्ही ओठांना आत वळलेली कड, म्हणजे ती पात्याला धरून राहील, तळाला जास्त जाडी, कारण धार तिथेच टेकते, आणि टोकाकडे बसवायचे बूच. यंत्रशाळेत लागणारी ड्रिल आणि मिलिंग कटर विकणाऱ्यांनी हे तत्त्व फार पूर्वी ओळखले आहे. त्यांच्या प्लॅस्टिकच्या नळ्या एकात एक सरकतात आणि खाचेखाचेने लांबी बदलतात, त्यामुळे थोड्याच नळ्यांत असंख्य लांब्यांची हत्यारे मावतात. फरक एवढाच की तिथे आतल्या हत्याराची धार मोडू नये म्हणून ही काळजी घेतली जाते. कार्बाइडची कडा ठिसूळ आणि महाग, म्हणून तिला जपतात. माणसाचे बोट त्या हिशेबात योगायोगाने वाचते.

दाढीच्या पात्याचा इतिहास या बाबतीत पाहण्यासारखा आहे. जिलेटने १९०३ मध्ये आपला सेफ्टी रेझर विकायला काढला, तेव्हा पहिल्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पुढे तीच वस्तू कोट्यवधींनी विकली गेली, आणि तिच्या वेष्टनाला दोन कामे करावी लागली: कडा गंजू न देणे आणि घेणाऱ्याची बोटे वाचवणे. नंतरच्या काळात पात्यांच्या प्लॅस्टिक डबीला मागच्या बाजूला वापरलेली पाती टाकायची फट आली, आणि तिथे वेष्टनाने तिसरे काम पत्करले. वस्तू विकल्यानंतरही तिची जबाबदारी संपत नाही, हे त्या फटीने कबूल केले. दोन-तीन रुपयांच्या पात्याला जमलेली ही समज आपल्या विळ्या-कोयत्यांच्या उद्योगाला अजून शिवलेली नाही.

गंजाचा मुद्दा मात्र आवरणाच्या विरोधात जाऊ शकतो, आणि तो हलका समजू नये. विळ्या-कोयत्याचे पोलाद साधे, कार्बनचे; त्याला पाणी आणि हवा मिळाली की गंज चढतोच. बंद प्लॅस्टिक पिशवीत तेल न लावता ठेवलेले पाते उघड्या पात्यापेक्षा लवकर खराब होऊ शकते, कारण दिवसा तापलेली हवा रात्री थंड झाली की आतली वाफ पात्यावरच दवासारखी बसते. पुठ्ठा आणि कच्चे कमावलेले चामडेही ओल धरतात; चामड्यातली आम्ले पोलादाला चांगली नाहीत. पावसाळ्यात सोयाबीनच्या निंदणीला खुरपे ओल्या मातीतूनच घरी येते. तेव्हा आवरण पूर्ण बंद नको. खालच्या टोकाला निचऱ्याची भोके हवीत, आणि विक्रीच्या वेळी पात्याला तेलाचा हात किंवा गंजरोधक कागदाची पट्टी. फक्त धार झाकणाऱ्या पट्टीचा हाही एक फायदा: पात्याचा बाकीचा भाग वाऱ्याला मोकळा राहतो.

दुकानदाराचा आक्षेप वेगळ्या दिशेने येतो. गिऱ्हाईक विळा हातात घेऊन तोलून पाहते, पाते टिचकी मारून वाजवते, अंगठ्याने धार चाचपते. बंद वस्तू इथे कोण घेईल? तो अगदी बरोबर आहे, आणि म्हणूनच संपूर्ण अवजार कवचात घालायला माझा विरोध आहे. मूठ, दांडा, पात्याची पाठ, दांडा आणि पाते यांचा सांधा हे सगळे उघडे राहिले तर तोल आणि आवाज दोन्ही तपासता येतात. पट्टी ओढली की धारही दिसते. पाहून झाल्यावर ती परत चढते. कडक कवचाने नेमका हाच हक्क काढून घेतला. सुरी घेणाऱ्याला आता छापील चित्रावर विश्वास ठेवावा लागतो. शिवाय ते कवच फोडताना हात कापण्याची शक्यता, म्हणजे वेष्टनाने स्वतःच एक नवे धारदार अवजार बाजारात आणले! या वैतागाची दखल अमेरिकेत मोठ्या व्यापाऱ्यांनाही घ्यावी लागली. ॲमेझॉनने २००८ मध्ये सहज उघडणाऱ्या वेष्टनाची मोहीमच काढली होती.

खर्चाचा आक्षेप जास्त गंभीर. विळ्याची किंमत बहुधा एका दिवसाच्या मजुरीपेक्षाही कमी असते. त्यावर वेष्टनाचा बोजा टाकला तर घेणारा बिनवेष्टनाचा घेईल. पण खर्च कुणाचा, हेही विचारायला हवे. सोंगणीचा काळ सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, तोही पावसाच्या तावडीत. शेंग वाळून उकलायच्या आत पीक काढावे लागते आणि बहुतेक कामे एकराच्या गुत्त्याने चालतात. अशा दिवसांत बोटाला टाके पडले की चार-आठ दिवसांचा रोज बुडतो, धनुर्वाताची सुई आणि दवाखान्याची फेरी वेगळी. वीतभर-हातभर पट्टीचा खर्च याच्या पासंगालाही पुरत नाही. अडचण एवढीच की पट्टीचे पैसे उत्पादकाच्या हिशेबात दिसतात आणि बुडालेला रोज कुणाच्याच वहीत चढत नाही. ‘मजुरानेच जपून वागावे’ हे उत्तर कायद्याने एका ठिकाणी तरी नाकारले आहे. मळणी यंत्रांच्या अपघातांनंतर संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला, आणि त्यात बनवणारा व विकणारा यांच्यावर जबाबदारी टाकली, इजा झालेल्या मजुराला भरपाईचा हक्क दिला. विजेवर चालणाऱ्या पात्याला जे तत्त्व लागू पडते, ते हाताने चालणाऱ्या पात्याला अजिबातच लागू नाही, असे म्हणायला मला तरी आधार दिसत नाही.

कुणी म्हणेल, मग धोक्याची सूचना छापावी, विषय संपला. छापील सूचनेचा अनुभव शेजारच्याच जिल्ह्यात आहे. कीटकनाशकांच्या डब्यावर विषारीपणाप्रमाणे लाल, पिवळा, निळा, हिरवा असे रंगीत त्रिकोण छापणे बंधनकारक आहे. तरी २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या घटनेची कारणे अनेक होती, पण फवारणाऱ्याच्या हातात पंप येतो तेव्हा डबा बहुधा मालकाच्या घरी असतो, ही त्यातली एक साधी गोष्ट. सूचना वेष्टनावर राहते आणि धोका वस्तूबरोबर निघून जातो. विळ्याचा कागद तर दुकानाच्या पायरीवरच गळून पडतो. अवजाराबरोबर जायचे असेल तर संरक्षण आकारातच असले पाहिजे. बंद माल विकण्याच्या २०११ च्या वैधमापन नियमांत उत्पादकाचे नाव-पत्ता, नग, महिना-वर्ष, कमाल किंमत, तक्रारीचा पत्ता हे सगळे छापायला सांगितले आहे. धारेवर काय असावे याबद्दल त्या नियमांत अक्षर नाही. त्या नियमांचा हेतू ग्राहकाच्या पैशाचे रक्षण, म्हणून त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण धारेच्या आवरणाची सक्ती कधी आलीच, तर ते अवजाराचाच भाग मानले जावे. नाहीतर गावचा लोहार पट्टी चढवल्याबद्दल छापील मजकुराच्या कचाट्यात सापडायचा.

प्लॅस्टिकचे काय? महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली, देशपातळीवर १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर बंदी आली, आणि आता विळ्यालाही प्लॅस्टिक चढवा म्हणायचे? कचरा होतो तो वस्तू क्षणभर वापरून टाकण्याने. विळ्याच्या आयुष्याइतकी टिकणारी पट्टी आणि उघडताक्षणी उकिरड्यावर जाणारे सुरीचे कवच यांना एकाच मापाने मोजणे बरे नव्हे. उलट सुरी-कात्रीची कवचे काढून टाकून त्याच वजनाचे प्लॅस्टिक धारपट्ट्यांत घातले, तर एकूण कचरा घटेल असा माझा अंदाज आहे. आणि माल नवाच हवा असेही नाही. उन्हाने कडक झालेल्या, शेतकरी दर काही वर्षांनी काढून टाकतो त्या ठिबकच्या नळ्यांतूनही हलक्या अवजारांची गरज भागू शकते.

मुंबईत १९६६ पासून भारतीय पॅकेजिंग संस्था आहे. तिच्या स्थापनेमागे निर्यातीला चालना देण्याचा हेतू होता, आणि तो त्या काळाला धरून होता. आज अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या संस्थेने तिच्याबरोबर बसून विळा, खुरपे, कोयता यांच्या धारपट्टीचा साधा मसुदा केला, छेद, जाडी, निचऱ्याची भोके आणि पकड एवढाच, तर पट्टी कापायचे काम तालुक्यातल्या बचत गटांनाही करता येईल. सरकारी योजनांतून जी हातअवजारे वाटली जातात त्यांच्या खरेदीच्या अटीत ही एक ओळ घातली, तर बाजाराला सुरुवातीची मागणी मिळेल. कोयता आणि कुऱ्हाड यांचे मात्र पट्टीवर भागणार नाही. वीस ज्यूलचा दणका सोसायला टायरच्या रबराची जाड टोपी आणि ती धरून ठेवणारा पट्टा लागेल; असे रबर कापण्याचे आणि शिवण्याचे कसब आठवडी बाजारात बसणाऱ्या चपलांच्या कारागिराकडे आहेच. त्यातली पंचाईत मापांची: लोहाराने घडवलेल्या दोन कुऱ्हाडी कधी एकसारख्या नसतात आणि दर वर्षीच्या धारेने पाते थोडे मागे सरते, त्यामुळे ही टोपी कारखान्यातून नग म्हणून येऊ शकत नाही. ती गिऱ्हाइकाच्या समोर, कुऱ्हाड मांडीवर घेऊनच कापावी लागेल, आणि पाते फार झिजले की पुन्हा एकदा.